बारकीचं जावळ

नाना आले तेव्हा पाऊस लागून पंधरा दिवस झाले होते आणि आमच्या घरात सुकं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. खोली एक, पुढं वीतभर गॅलरी, मागं मोरी. त्या खोलीत आडवीतिडवी दोरी बांधून तिच्यावर बारकीच्या चड्ड्या, पप्पांचे सदरे आणि माझा शाळेचा ड्रेस टांगलेला, आणि खाली दिवसभर घरघरणारा टेबलफॅन. तरी कपड्यांना कुबट वास यायचाच. तुर्भ्याच्या त्या वसाहतीत झाडून सगळी साताऱ्याकडची माणसं. पुरुष मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे, बायका घरी बसून लसूण सोलायच्या. दिवसभर मागे घेतलेल्या ट्रकांचे हॉर्न, क्लीनरांच्या आरोळ्या, भिजलेल्या गोणपाटाचा आणि सडक्या कांद्याचा वास. तो वास माझ्या नाकात असा बसलाय की अजूनही पावसाळ्यात कांदेवाल्यापाशी उभी राहिले की माझी मान आपोआप मागं वळते, बारकी कुठंय बघायला. लोक म्हणतात लहानपणच्या आठवणी गोड असतात. असतील बाई त्यांच्या.

बारकी माझी बहीण. कागदावर स्वरा, पण त्या नावानं तिला दवाखान्यात सोडून कुणी हाक मारली नाही. आई गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती आणि मी तेरा वर्षांची. ताप आला, तीन दिवस राहिला, संपलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते लिहायला बसले तर पुढचं राहून जाईल. त्या दिवसापासून बारकी माझ्या कडेवर आली ती आलीच. नाचणीचं सत्त्व कसं शिजवायचं, गुठळी झाली तर कसं गाळायचं, पोट फुगलं की हिंग कुठं लावायचा, सगळं मी शेजारच्या शालनकाकूंना विचारून विचारून शिकले. बोलायला लागली तेव्हा ती मला आई म्हणाली. सुरुवातीला मी सांगायचे, ताई म्हण, ताई. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दहावीचं वर्ष होतं आणि मी आठवड्यातून दोन दिवस शाळेत जात होते, तेसुद्धा शालनकाकूंना वेळ असला तर. बाईंनी चिठ्ठी लिहून पाठवली, ती पप्पांनी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. पप्पा तसेच. दिवसभर ओझं वाहून आलेला माणूस घरी आल्यावर बोलत नाही, हे मला लहानपणीच कळलं होतं.

आणि तिचे केस. जन्मल्यापासून त्यांना कात्री लागली नव्हती. आमच्यात पहिले केस, म्हणजे जावळ, गावच्या देवीपुढं काढतात, लेकराला मामाच्या मांडीवर बसवून. पहिल्या वर्षात काढायचं तर घरात आईचं झालं, वर्षभर काही करायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी जावळ काढत नाहीत. आता तिसरं लागलं होतं. केस खांद्यावर आले होते, मऊ, पिंगट, मानेपाशी वळलेले. मी रोज तेल लावून डोक्यावर उभा तुरा बांधायचे आणि ती आरशात बघून स्वतःवरच खूश व्हायची. पावसात ते केस वाळायचे नाहीत. मांडीवर घेऊन फॅनपुढं बसायचं आणि बोटांनी मोकळे करायचे, तोवर ती झोपून जायची. पंधराव्या वर्षी माझ्या मैत्रिणी काय करत होत्या मला ठाऊक नाही. मी हे करत होते.

नाना म्हणजे आईचे वडील, पाटणकडचे. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडं, हातात काळी छत्री आणि पिशवीत नाचणीचं पीठ, घेवडा नि मामीनं दिलेला मिरचीचा खरडा. आईच्या दिवसांनंतर ते पहिल्यांदाच येत होते. आल्या आल्या त्यांनी पाय धुतले, आईच्या फोटोपुढं उभे राहिले, आणि तेवढ्यात बारकीनं माझा फ्रॉक ओढून मला आई म्हणून हाक मारली. नानांनी वळून पाहिलं. जेवताना म्हणाले, जावळ काढायचंय, पोरीला आठ दिवस गावी नेतो, मामाच्या मांडीवर बसवून काढू, मग आणून सोडतो. पप्पांनी मान हलवली. मी म्हटलं मीपण येते, तर पप्पा म्हणाले तुझी चाचणी परीक्षा आहे. माझी चाचणी परीक्षा आहे हे पप्पांना माहीत होतं, तिथंच मला संशय यायला हवा होता.

संशय आला दुसऱ्या दिवशी. नानांच्या पिशवीत बारकीची दोन झबली ठेवायला गेले तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तिचा जन्मदाखला आणि टोचणीचं कार्ड. दोन्ही पप्पांनी पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेले असायचे. आठ दिवस गावी जाणाऱ्या लेकराला जन्मदाखला कशाला लागतो? मामा-मामीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. मी काही बुद्दू नव्हते. कागद होते तसे ठेवले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मी तेव्हाही हट्टी होते आणि आताही आहे. फरक एवढाच की तेव्हा मला वाटायचं हट्टानं काहीही होतं. मी ठरवलं, नानांना नवी मुंबई दाखवायची. त्यांच्या मनात आमचं शहर म्हणजे ही चिखलाची गल्ली नि ट्रक. एकदा बागा बघू देत, खाडी बघू देत, मोठमोठे रस्ते बघू देत, मग ते स्वतःच म्हणतील, लेकरू इथंच चांगलं आहे, गावी काय ठेवलंय. रविवारी पप्पा कसल्याशा मीटिंगला गेले. मी नानांना म्हटलं, नाना, उद्या तुम्ही जाणार, आज चला फिरायला. बारकीला कळलं ते फक्त एकच, भूर. भूर, भूर, करत ती स्वतःची चप्पल घेऊन दारात जाऊन बसली. नाना हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

आधी रिक्षानं नेरूळच्या त्या बागेत गेलो, जिथं जगातल्या सात आश्चर्यांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती आणि मला ती फारच भारी वाटली होती. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता. छोटी आगगाडी बंद, पाळणे बंद, सगळीकडं ताडपत्र्या. नाना छत्रीखाली ताजमहालापुढं उभे राहिले. संगमरवराच्या रंगाचा घुमट, त्याच्या पायाशी साचलेलं पाणी, त्यात चिप्सची पाकिटं. म्हणाले, कुणाचं थडगं म्हणालीस? राजानं बायकोसाठी बांधलंय, मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि बारकीला घोंगड्यात अजून घट्ट गुंडाळून घेतलं. माझ्या लक्षात आलं, बायको मेलेल्या माणसाच्या सासऱ्याला मी थडगं दाखवायला आणलंय. अशी ही माझी अक्कल.

मग वाशीला खाडीवर. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि मैलभर काळा चिखल, वर करडं आभाळ, पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नाना म्हणाले, समुद्र कुठाय? मी म्हटलं, हाच. त्यांनी बरं म्हटलं. बारकीचे कपडे दुसऱ्यांदा ओले झाले, बदलायला तिसरा जोड नव्हता. ती किरकिर करायला लागली, मी तिच्यावर खेकसले, ती भोकाड पसरून रडली आणि माझ्याच गळ्यात पडली. नानांनी धोतराच्या सोग्यानं तिचं नाक पुसलं. मक्याचं कणीस घेतलं, त्याचे दाणे काढून एकेक तिच्या तोंडात घातले. फार मायेचा माणूस होता. म्हणून तर जास्त राग येत होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

शेवटी सुकी जागा म्हणून त्यांना मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्यावर ते पाय ठेवीनात, मग खालीच एका बाकावर बसलो. बारकी काचेला नाक लावून आतल्या बाहुल्या बघत होती. नाना तिच्याकडं बघत सहज म्हणाले की मामीनं झोळी बांधून ठेवलीय, जुन्या लुगड्याची, आढ्याला. म्हैस व्यालीय तर दुधाचीही चिंता नाही. बालवाडीच्या बाईंशी मामा बोलून आलाय. एवढं बोलून ते एकदम थांबले. आठ दिवसांसाठी कुणी बालवाडीच्या बाईंशी बोलत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार. मी काही कळलं नाही असं दाखवलं.

मॉलच्या दर्शनी काचेतून रस्त्यापलीकडं एक सलून दिसत होतं. तिथं माझं डोकं फिरलं. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा मला ते अगदी सरळ वाटलं होतं: नाना तिला कशासाठी नेतायत? जावळासाठी. जावळच राहिलं नाही तर कशासाठी नेतील? मामाच्या मांडीवर बसायचं कारणच संपलं. देवी, मामा, झोळी, सगळं त्या केसांना बांधलेलं आहे, केस कापले की सुटलं. मी नानांना म्हटलं, बारकीला शू करवून आणते, तुम्ही इथंच बसा. तिला उचललं आणि पावसात पळत रस्ता ओलांडला.

सलूनमध्ये दोन खुर्च्या, एकीत दाढीला साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक, आणि एक परभणीकडचा म्हातारासा कारागीर. त्यानं खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, बारकीला बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि थांबला. म्हणाला, ताई, हे जावळ दिसतंय. मामा कुठाय हिचा? मी म्हटलं, जावळ कधीच झालं, उवा झाल्यात, सगळे काढून टाका. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी नजर हलवली नाही. खोटं बोलायचं तर डोळ्यांत बघून बोलावं, एवढं मला येत होतं. त्यानं मशीन लावलं. बारकी रडलीसुद्धा नाही. मशीनच्या आवाजानं तिला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती आणि तिचे केस खांद्यावरून घसरत खाली पडत होते, तिथं आधीच सकाळपासूनच्या गिऱ्हाइकांचे काळे, राठ केस पडलेले होते. माझं लक्ष काचेकडं होतं, नाना येतायत का याकडं. पाच मिनिटांत झालं. त्यानं तिच्या डोक्याला पावडर लावली, झाडू घेतला आणि सगळं एकत्र लोटून पत्र्याच्या डब्यात भरलं. जावळ नव्हतंच ना. मीच सांगितलं होतं तसं.

तेवढ्यात नाना दारात. पंधरा-वीस मिनिटं झाली असावीत, ते शोधत निघाले होते. छत्री मॉलमध्येच राहिली होती. टोपीतून पाणी गळत होतं. आधी त्यांना बारकी ओळखूच आली नाही, दुसऱ्याच कुणाचं पोर समजून ते माझ्याकडं बघायला लागले. मग ती त्यांच्याकडं झेपावली, तसं त्यांना कळलं.

मी वाटच बघत होते. ओरडतील, थोबाडीत मारतील, मग मीही बोलेन, जन्मदाखला काढून दाखवीन, सगळं बोलायचं मी पाठ केलं होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "केस कुठायत?"

कारागिरानं डब्याकडं बोट केलं आणि काय झालं असावं ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं दोन्ही कान धरले, बाबा, मी विचारलं होतं, पोरगी म्हणाली उवा झाल्यात. नाना डब्यापाशी उकिडवे बसले. हात घालून त्यांनी केसांची मूठ काढली, तळहातावर पसरली, उजेडाकडं धरली. त्यांना नीट दिसायचं नाही. काळे बाजूला काढायचे, पिंगट ठेवायचे, पुन्हा बघायचे, ठेवलेले परत टाकायचे. कारागीरही शेजारी बसला आणि शोधायला लागला. दुसऱ्या खुर्चीतलं गिऱ्हाईक दाढीचा साबण तसाच घेऊन वळून बघत होतं. मी म्हटलं, नाना, राहू द्या ना, केसच आहेत, पुन्हा येतील.

"हे न्हाई येत पुन्हा," ते म्हणाले. "आता येतील ते आपल्या घासावरचे येतील. हे तुझ्या आईच्या पोटात उगवले होते, पोरी. तिच्या पोटातलं एवढंच राहिलं होतं बाहेर."

इतक्या वर्षांत मी खूप जणांचं खूप ऐकून घेतलंय, बॉसचं, सासूचं, डॉक्टरांचं. या वाक्याइतकं काही लागलं नाही. मी दोन वर्षं त्या केसांना तेल लावत होते. फॅनपुढं बसून मोकळे करत होते. आणि माझ्या ते एकदाही डोक्यात आलं नव्हतं. मीही खाली बसले आणि डब्यात हात घातला. पण ओले काळे केस आणि ओले पिंगट केस त्या ट्यूबलाइटमध्ये सारखेच दिसत होते. शेवटी नानांनी टोपी काढली, उलटी केली आणि चिमूट-दोन चिमूट जे काही हाती आलं होतं ते तिच्यात ठेवलं. चारचौघांत त्यांना बिनटोपीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचंही डोकं तुळतुळीत होतं. रिक्षात बारकी त्यांच्या डोक्यावर थापट्या मारायची, मग स्वतःच्या डोक्यावर मारायची, आणि दोघांचं सारखं आहे म्हणून तिला हसू आवरत नव्हतं.

रिक्षात मी विचारलं. आता जावळ झालं, आता कशाला नेताय? नानांनी वाऱ्यानं उडणारा प्लॅस्टिकचा पडदा बारकीच्या बाजूनं ओढून धरला. म्हणाले, "जावळासाठी नव्हतोच नेत गं. तुझी आई सात वर्षांची होती तवा तुझी आजी गेली. तुझ्या मामाला तुझ्या आईनंच वाढवलं. शाळा सुटली ती सुटलीच. मी बघत बसलो, म्हटलं लेकरू सांभाळतीय, बरंच हाय. परवा ही तुला आई म्हणाली, आन् मला वाटलं, मी परत बघतच बसलोय."

मी म्हटलं, मला नको शाळा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, तीपण असंच म्हणायची.

घरी आल्यावर पप्पांनी बारकीचं डोकं पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. मी बोलणार इतक्यात नाना म्हणाले, मीच काढायला लावले, डोक्यात घामोळं आलं होतं, गावी देवीला नारळ फोडून माफी मागू. पप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी भाकऱ्या केल्या, घेवड्याची आमटी केली, बारकीला भरवलं. त्या दिवशी आमटीत मी मीठ घातलंच नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी उरलेली खाताना कळलं. दोघांनी एक शब्द काढला नव्हता.

सकाळी सानपाड्याला हायवेवर एसटी पकडायची होती. पाऊस नुसता ओतत होता. पप्पांनी बारकीला पाठीवर घेतलं, गोणी घेतात तसं कमरेत वाकून, वरून प्लॅस्टिकची खोळ. ती खोळीच्या आतून भूर, भूर म्हणत होती. तिला वाटलं काल गेलो तसंच. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि ती रडली असती तर कदाचित पप्पांनी तिला परत आणली असती. हा हिशेब मी तिथं उभी राहून मनात केला होता, आणि तरी गप्प राहिले. का, ते मला आजतागायत सांगता येत नाही. लोक म्हणतात, नानांनी धाकटीला नेलं म्हणून तुम्ही शिकलात. दहावी झाले, बारावी झाले, नोकरी लागली, सगळं खरं. माझ्या भल्यासाठी झालं हेही खरं. पण भलं झालं म्हणून माणूस सुखी होतो असं कुणी सांगितलं?

गाडी आली. पप्पांनी बारकीला खिडकीतून आत दिलं. नाना चढले, पुन्हा उतरले. टोपीच्या घडीतून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "हे तू ठेव," म्हणाले. "ती मी नेतोय. दोघांकडं एकेक असू दे." मग गाडी हलली. बारकी काचेला नाक लावून टाटा करत होती आणि मला हाक मारत होती, आई, भूर. मी हात हलवला.

दिवाळीत गावी गेले तेव्हा ती मामीच्या पदराआड लपली. मामीनं तिला पुढं ढकललं, अगं, ताई आलीय, ताईला नमस्कार कर. तिनं केला. डोक्यावर नवे केस आले होते, काळेभोर, राठ, मामासारखे. तेव्हापासून मी ताईच आहे. चांगली आहे पोर, फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. लहानपणी आपण तुर्भ्याला होतो का, असं एकदा विचारत होती.

पुरचुंडी मी एकदाच सोडली, नाना गेल्याचा निरोप आला त्या दिवशी. खिडकीत बसून चष्मा लावून एकेक केस बोटावर घेतला. बहुतेक काळेच होते, जाड, कुणाकुणाचे. दोन-चार पिंगट वाटले, पण ते बारकीचे की कुणा म्हाताऱ्याच्या मेंदी लावलेल्या दाढीचे, ते मला सांगता येईना. काही टाकायचं धाडस झालं नाही. सगळेच परत बांधून ठेवले.